महिनाभर गाडी उभी राहणार: बॅटरीची वायर काढावी की राहू द्यावी?

कोथरूडकर
माझी २०१४ ची अल्टो. दर मे महिन्यात आम्ही पाच आठवडे गुहागरला जातो, तेही एसटीने, कारण घाटात गाडी हाकणं आता माझ्या कमरेला परवडत नाही. गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती अशीच उभी राहिली आणि जूनमध्ये किल्ली फिरवली तर नुसतं टक टक टक. सेल्फ घेईचना. तेव्हापासून निघायच्या दिवशी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवतो. दहा नंबरचा पाना, पाच मिनिटांचं काम.

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात की वायर काढली की गाडीचा मेंदू बिघडतो. माझं म्हणणं असं की साधी छोटी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह काढावीच. पटत नसेल तर कारणासकट सांगा. "आमच्याकडे असं करत नाहीत" हे कारण धरलं जाणार नाही.

निवांत प्रवासी
पटत नाही, आणि कारण आहे. मी एकदा काढली होती. लावल्यावर म्युझिक सिस्टीम कोड मागायला लागली, कोडचं कार्ड घर बदलताना कुठे गेलं देव जाणे. खिडकीची काच एका टिचकीत वर जायची, ती अर्ध्यात थांबायला लागली. इंजिन दोन दिवस सिग्नलला थरथरत होतं. घड्याळ तर सोडूनच द्या. एवढ्या भानगडींपेक्षा शेजाऱ्याला किल्ली द्या आणि दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवायला सांगा. आमचे वडील आयुष्यभर हेच करत आले.

फेज-न्यूट्रल
वडिलांच्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) नव्हता, रिमोट नव्हता, अलार्म नव्हता. बंद केली की ती खरोखर बंद असायची. आताच्या गाडीत किल्ली काढून घेतल्यावरही थोडा करंट जात राहतो. साधारण ३० मिलिअँपिअर धरा.

दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर (करंट गुणिले तास), महिन्याला सुमारे २२. अल्टोची बॅटरी ३५ ची. ती तीन-चार वर्षं जुनी असेल तर ३५ हा आकडा फक्त स्टिकरवर उरलेला असतो. म्हणजे महिन्याने काय होणार ते कोथरूडकरांनी लॉकडाऊनमध्ये ऐकलंच आहे.

आता रविवारची दहा मिनिटं. लोक म्हणतात सेल्फ मारण्यातच बॅटरी संपते. ते खरं नाही, दोन सेकंदांचा सेल्फ ०.१ अँपिअर-अवरसुद्धा खात नाही. पण आठवड्याभरात गळलेले पाच अँपिअर-अवर जागेवर उभ्या गाडीत दहा मिनिटांत भरून निघत नाहीत, कारण बॅटरी भरत आली की स्वतःच करंट कमी कमी घेते. अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणणारा शेजारी असेल तर गोष्ट वेगळी. आणि बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू करून ठेवत असाल तर कृपा करून नको, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो ना वास येतो.

टॉर्कवाली
मी दोघांच्याही विरोधात. वायर काढायला हरकत नाही, पण "पाच मिनिटांचं काम" असं जाहीर लिहू नका. वाचून कोणीतरी हातात कडं, बोटात अंगठी घालून, आधी लाल, म्हणजे पॉझिटिव्ह वायरला पाना लावणार. माझ्या मावसभावाने लावला होता. पाना बॉनेटच्या पट्टीला टेकला आणि निळी ठिणगी उडाली. नशीब, हातात काही नव्हतं. ज्यांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) कसा धरायचा हे ठाऊक नाही त्यांनी कोपऱ्यावरच्या माणसाला शंभर-दोनशे रुपये द्यावेत.

सांगलीचा वायरमन
ताई बरोबर बोलल्या, पण कोपऱ्यावरचा माणूस सगळीकडे नसतो, म्हणून लिहितो. दुकानात एक पाना खिळ्याला टांगून ठेवलाय. टोकाला गव्हाच्या दाण्याएवढा खड्डा आहे, कडेला वितळलेल्या लोखंडाचा थेंब. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी तो पाना त्याच्या हातात देतो.

गाडीची अख्खी बॉडी म्हणजे निगेटिव्ह. निगेटिव्ह वायर जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट खोललात आणि पाना बॉडीला लागला, तर बॅटरी थेट पान्यातून रिकामी व्हायला बघते, शेकडो अँपिअर. आधी निगेटिव्ह काढली की बॉडीचा संबंधच तुटला, मग पाना कुठेही लागू दे. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. महिनाभर ठेवायची असेल तर लालला हातच लावू नका, तिची टोपीही काढू नका. खुणा पुसल्या असतील तर बॅटरीवरची जाड खुंटी पॉझिटिव्हची, बारीक निगेटिव्हची.

गाडी बंद, किल्ली बाहेर, दिवे बंद, मग दोन-तीन मिनिटं थांबा. क्लॅम्प (खुंटीवर बसणारी वायरची पकड) निघत नसेल तर डावीउजवीकडे हलवत वर काढा. हातोडीने ठोकलंत तर खुंटी आतून सुटते. काढलेल्या वायरला जुना हातमोजा घाला, नाहीतर ती आपसूक परत खुंटीवर जाऊन बसते. पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, झाकणांच्या भोकांत मात्र ते पाणी जाऊ देऊ नका. पुसून, वायर लावून झाल्यावर वरून व्हॅसलीन.

जुना खटारा
एवढं काय त्यात? आमच्या वेळी इंजिन चालू ठेवूनच टर्मिनल उपटायचो. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, बंद पडली तर डायनॅमो गेला. फुकटची टेस्ट.

सांगलीचा वायरमन
काका, डायनॅमोच्या काळात चालून गेलं. आता बॅटरी भरायला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आहे. चालू इंजिनवर बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. तशी जळालेली एक गाडी माझ्याकडे टो होऊन आली होती. टेस्टच करायची तर चालू इंजिनवर बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर धरा. पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

जुना खटारा
बरं बाबा. पण टेस्ट मजेदार होती.

टॉर्कवाली
अजून एक, हे कोणीच लिहीत नाही. वायर काढली की सेंट्रल लॉक आणि रिमोट दोन्ही मेले. बॉनेटचा खटका गाडीच्या आत असतो. म्हणजे परत आल्यावर दार नुसत्या किल्लीने उघडलं पाहिजे. आमच्या गाडीच्या दाराचं कुलूप सहा वर्षं कधी किल्लीने फिरवलंच नव्हतं, गंजून बसलेलं. वायर काढायच्या आधी किल्लीने लावून-उघडून बघा. डिकी विजेवर उघडत असेल तर बॅगा आधी काढून घ्या.

कोथरूडकर
परत आलो. दार उघडलं (टॉर्कवालींमुळे जायच्या आधी कुलपात तेल सोडलं होतं). निगेटिव्ह लावायच्या आधी मीटर धरला तर १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६-१२.७ दाखवते, म्हणजे पाच आठवड्यांत फारसं काही गेलं नाही. लावताना बारीकशी ठिणगी उडाली, मी दचकलो, बायको हसली. पहिल्या सेल्फला सुरू. इंजिन करिष्मा चौकापर्यंत किंचित वरखाली करत होतं, पुढे नाही. घड्याळ लावलं.

निवांत प्रवासी
तुमच्या अल्टोला लागू असेल. माझ्या गाडीला निगेटिव्ह टर्मिनलवरच बॅटरीचा सेन्सर बसवलाय, मॅन्युअलमध्ये वायर काढल्यावर काय काय पुन्हा शिकवायचं याचं अख्खं पान आहे. मी वायर काढणार नाहीच. पण रविवारच्या दहा मिनिटांचा हिशेब वाचून तो नाद सोडला. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट आहे, छोटा ऑटोमॅटिक चार्जर घेतोय. तो लावताना तरी वायर काढावी लागते का?

सांगलीचा वायरमन
चार्जरच्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुतेक छोट्यांना काढावी लागत नाही. क्लिपा आधी लावा, प्लगचा स्विच नंतर. काढताना उलट, स्विच आधी बंद. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. बॉनेट उघडं ठेवा आणि जवळ बिडी ओढणाऱ्याला उभं करू नका.