अनुभव धागा: मागे पडलेले जुने गेम आणि त्यांचा पहिला तास

प्रिन्स, डेव्ह, रोड रॅश, व्हाइस सिटी, एज ऑफ एम्पायर्स ही नावं नकोत, ती सगळ्यांची खेळून झाली आहेत. निघाले तेव्हा फारसे चालले नाहीत किंवा आपल्याकडे पोचलेच नाहीत, पण आजही बसून खेळावेत, असे गेम सांगा. "भारी आहे, खेळाच" एवढ्यावर भागवू नका. जुना गेम बहुतेकदा पहिल्या तासातच सुटतो. त्या काळी खोक्यात जाडजूड मॅन्युअल यायचं आणि निम्मा गेम त्यात असायचा. आता ते कुणी उघडत नाही. तेव्हा नवा माणूस कुठे अडतो, का अडतो आणि काय केलं की पुढे सरकतो, तेवढं नेमकं लिहा.

कोकणकडा

सिड मायर्स अल्फा सेंटॉरी, १९९९, फिरॅक्सिस. परग्रहावर वसाहत उभारायचा, पाळीपाळीने खेळायचा गेम. नाव मायरचं असलं तरी मुख्य डिझाइन ब्रायन रेनॉल्ड्सचं. सिव्हिलायझेशनवाल्यांनी उघडला की लालसर रखरखीत नकाशा बघून बंद करतात. तसं करू नका.

पहिली अडचण अशी की शेत करा, खाण खणा, चौकटीतून दोनाच्या वर काहीच निघत नाही. हा बग नाही. सुरुवातीला प्रत्येक चौकटीच्या उत्पन्नावर २ ची मर्यादा असते (खास साधनांच्या चौकटी सोडून). अन्नाची मर्यादा जीन स्प्लायसिंगच्या शोधाने उठते, खनिजांची इकॉलॉजिकल इंजिनिअरिंगने, ऊर्जेची एन्व्हायर्न्मेंटल इकॉनॉमिक्सने. तोवर खडकाळ जमिनीवर खाणी खणत बसणं म्हणजे फॉर्मरच्या (जमीन सुधारणाऱ्या युनिटच्या) पाळ्या फुकट घालवणं. त्याऐवजी जंगल लावा. एक अन्न, दोन खनिजं, एक ऊर्जा. मर्यादेच्या आत बसतं, झटपट होतं आणि आपोआप आजूबाजूला पसरतं. पुढे ट्री फार्म आणि हायब्रिड फॉरेस्ट बांधलं की त्याच जंगलावर मोठी वस्ती पोसली जाते.

दुसरी अडचण माइंड वर्म्स, म्हणजे मनावर हल्ला करणाऱ्या रानटी अळ्या. लोक महागडं शस्त्र लावून युनिट बनवतात आणि तरी मरतात, कारण साय (मनोशक्तीच्या) लढाईत शस्त्र-चिलखताचे आकडे धरतच नाहीत. तिथे चालतं ते मनोधैर्य, आणि जमिनीवर हल्ला करणाऱ्याला ३:२ चा फायदा. म्हणजे अळी शेजारी आली की वाट न बघता आपणच आधी तुटून पडायचं. तळ राखायला वर्कशॉपमध्ये साध्या पायदळाला ट्रान्स ही खास क्षमता जोडा. महाग चिलखत तिथे नको. नवख्याने गेयन्स हा गट घ्यावा: फॉर्मर पहिल्यापासून मिळतात आणि अळ्यांवर हल्ला केला की त्या कधी कधी आपल्याच होतात. अशी अळी बुरशीत ठेवली तर तिच्या पोसण्याचा भार तळावर पडत नाही.

इंडस्ट्रियल ऑटोमेशनचा शोध लागला की सप्लाय क्रॉलर बनवायला घ्या. एका चौकटीतली एकच वस्तू तो तळाकडे ओढतो, माणूस लागत नाही. सीक्रेट प्रोजेक्ट (जगात एकदाच होणारं मोठं बांधकाम) चालू असलेल्या तळात नेऊन मोडला तर पूर्ण किमतीची खनिजं जमा होतात. माझ्या मते हे जरा जास्तच ताकदवान आहे, पण कॉम्प्युटरला ते नीट वापरता येत नाही हा त्याचा प्रश्न.

फ्री मार्केट हे आर्थिक धोरण घेताना खाली बघा: इकॉनॉमी +२ मिळते (प्रत्येक ऊर्जेच्या चौकटीला एक जादा), पण प्लॅनेट −३ आणि पोलीस −५. गेयन्सना तर हे घेताच येत नाही.

नव्या मॉनिटरवर चित्र फाटत असेल तर गेमच्या फोल्डरमधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडून प्रेफरन्सेसखाली डायरेक्टड्रॉ = ० अशी ओळ टाका.

चिंचबन

ओपनटीटीडी. मूळ क्रिस सॉयरचा वाहतूक कंपनी चालवायचा ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स, १९९५ चा. हा त्याचा २००४ पासून चालू असलेला मुक्त अवतार. फुकट, आणि अगदी रडतखडत चालणाऱ्या लॅपटॉपवरही पळतो.

सुरुवात बसने करू नका, पैसा फिरत नाही. कोळशाची खाण शोधा, तिच्यापासून ७०-८० चौकटी लांबचं वीज केंद्र शोधा. भाडं दोन स्टेशनांतलं अंतर आणि लागलेला वेळ यांवर ठरतं, त्यामुळे शेजारच्या केंद्राला कोळसा देऊन हाती काही लागत नाही. १९५० ला सुरू केलं तर यादीत कर्बी पॉल टँक सगळ्यात स्वस्त दिसेल, पण त्याचा वेग ताशी ६४ किमी. चॅनी ज्युबिली ११२ ने जातं. थोडं जास्त कर्ज काढून तेच घ्या.

फलाट आणि गाडीची लांबी जुळवा. एका चौकटीत दोन डबे मावतात, म्हणजे ६ चौकटींच्या फलाटावर इंजिन धरून १२. गाडी फलाटाबाहेर लोंबली की भरायला वेळ लागतो आणि मागची गाडी सिग्नलला तुंबते. खाणीवरच्या ऑर्डरला "पूर्ण भरा" लावा. एक गाडी कायम उभी राहिली की स्टेशनचं रेटिंग चढतं, आणि माल ६० टक्क्यांच्या वर उचलला जात असेल तर खाण वाढण्याची शक्यता बरीच वाढते.

आता सिग्नल. नव्वद टक्के लोक इथे सोडतात. एकेरी रुळावर दुतर्फा ब्लॉक सिग्नल लावले की दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात, जन्मभर. उपाय: जायचा रूळ वेगळा, यायचा वेगळा, आणि सगळीकडे एकतर्फी पाथ सिग्नल. पाथ सिग्नलचा नियम एवढाच की जिथे गाडी थांबली तरी कुणाची वाट अडणार नाही, तिथेच तो लावायचा. म्हणून सांध्याच्या आधी लावा. सांध्याच्या पोटात नको, आणि सांधा ओलांडल्यावर गाडीची पूर्ण लांबी मावेल एवढी जागा सोडल्याशिवायही नको, नाहीतर शेपूट सांध्यावर राहतं. सरळ रुळावर कंट्रोल दाबून सिग्नल ओढला की पुढच्या सांध्यापर्यंत आपोआप लागत जातात.

पंधरा वर्षांनी इंजिनं म्हातारी होतात, सारखी बंद पडतात आणि अख्खी लाइन थांबते. सेटिंगमध्ये ऑटोरिन्यू चालू करून ठेवा.

टवाळ

वरचा प्रतिसाद वाचून रेल्वेचा क्लास लावल्यासारखं वाटलं, पण फलाटाचं गणित बरोबर आहे. एक जोड: सुरुवातीला सेटिंगमधून बिघाड "कमी" करा. पूर्ण बंद केलेत तर डेपो आणि सर्व्हिसिंग या भागाला काही अर्थच उरत नाही.

सोमि

द लास्ट एक्सप्रेस, १९९७. प्रिन्स ऑफ पर्शियावाल्या जॉर्डन मेकनरचाच, तरी बाजारात साफ आपटला. जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस, आणि पहिलं महायुद्ध तोंडावर.

इतर ॲडव्हेंचरमध्ये आपण हललो की गोष्ट हलते. इथे घड्याळ खऱ्याच्या सहापट वेगाने चालतच राहतं. आपण डब्यात बसून राहिलो तरी लोक जेवायला जातात, कुजबुजतात, एकमेकांच्या कंपार्टमेंटमध्ये शिरतात. त्यामुळे खेळायची रीत वेगळी: आधी कान, मग हात. डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसा आणि शेजारचं बोलणं संपेपर्यंत उठू नका. एखादा प्रवासी जेवायला बसलेला दिसला की त्याचं कंपार्टमेंट रिकामं आहे, तेव्हाच झडती. कॉरिडॉरमध्ये कंडक्टर बघत असेल तर त्याची पाठ वळेपर्यंत थांबा, किंवा खिडकीतून बाहेर पडून शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये शिरता येतं का ते बघा.

सेव्हचं बटण शोधत बसू नका, नाहीच ते. मुख्य पडद्यावरचं घड्याळ मागे फिरवायचं. मरण आलं किंवा अटक झाली की गेम घड्याळ आपोआप मागे नेतो, पण चूक तासभर आधीची असू शकते. तेव्हा हाताने आणखी मागचं स्टेशन गाठावं लागतं. सांभाळायचं एवढंच: मागे जाऊन काही वेगळं केलंत की पुढचा जुना प्रवास पुसला जातो. फक्त बघायला मागे जायचं असेल तर काही न करता पुन्हा पुढे या.

अगदी पहिल्या कंपार्टमेंटमध्ये मित्राचं प्रेत सापडतं. ते आहे तिथेच ठेवलंत तर गेम संपतो. विल्हेवाट लावा आणि त्याचा कोट अंगावर चढवा. पुढचं सांगत नाही.

खटपट्या

गेम कुठलाही असो, चालवण्याच्या चार गोष्टी एकदाच लिहून ठेवतो.

विंडोजच्या युजर फोल्डरचं नाव देवनागरीत असेल ("अमोल", "आईचा लॅपटॉप" वगैरे) तर जुने गेम सेव्ह करताना कोसळतात किंवा सुरूच होत नाहीत. त्यांना त्या पत्त्यातली अक्षरं वाचता येत नाहीत. खेळण्यासाठी रोमन नावाचं वेगळं लोकल खातं उघडा. आहे त्या खात्याचं नुसतं नाव बदलून फोल्डर बदलत नाही.

प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल करू नका. जुने गेम सेव्ह आपल्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि विंडोज ते परस्पर दुसरीकडे वळवतं. मग पॅच लागत नाही, सेव्ह सापडत नाही. सी ड्राइव्हवर सरळ "गेम्स" फोल्डर करा, नाव रोमनमध्ये.

कपाटातली मूळ सीडी असेल आणि तिच्यावर सेफडिस्क संरक्षण असेल तर विंडोज १० पासून ती चालणार नाही, कारण त्याचा ड्रायव्हरच विंडोजमध्ये ठेवलेला नाही. डिस्कची इमेज काढूनही उपयोग नाही. सेलमध्ये जीओजीवरून (जुने गेम विकणारं संकेतस्थळ) तोच गेम घेणं सोपं.

चित्र काळं, रंग विचित्र किंवा खिडकी चिमुकली: डीजीव्हूडू २ उतरवा, जुन्या गेमची चित्रं नव्या विंडोजवर दाखवणारं साधन. त्यातल्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ मधून फाइल उचलून गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवा. डायरेक्टएक्स ७ पर्यंतच्या गेमला डीड्रॉ आणि डी३डीइम, ८ ला डी३डी८. एक्स६४ मधली उचललीत तर काहीच होणार नाही. त्या काळचे गेम सगळे ३२ बिटचे.

निशाचर

थीफ, लुकिंग ग्लास, १९९८. चोर बनून लपतछपत खेळायचा. दुसरा भाग २०००. पहिल्याला टीफिक्स, दुसऱ्याला टी२फिक्स हा पॅच बसवा, रुंद पडदा वगैरे सगळं मिटतं.

तलवार काढून पळत सुटलात तर दुसऱ्याच पहारेकऱ्यापाशी संपाल. इथे खरं शस्त्र म्हणजे खाली दिसणारा प्रकाशमणी. तो काळा असेल तर पहारेकरी हातभर अंतरावरून निघून जातो. तलवार उपसलेली असली की तुम्ही जास्त दिसता, हे गेम ठळकपणे सांगत नाही. पायाखाली काय आहे ते बघा: गालिचा आणि गवत मऊ, फरशी वाजते, लोखंड तर बोंबलतं. तिथे मॉस बाण मारून शेवाळ पसरवायचं. पाण्याचा बाण मशाल विझवतो, विजेचा दिवा नाही. त्याला बटण शोधा. दोराचा बाण लाकडात रुततो, दगडावर फुकट जातो.

ब्लॅकजॅक मागून आणि गाफील माणसावरच. बेशुद्ध माणूस उचलून अंधारात टाका, नाहीतर पुढचा पहारेकरी अडखळेल.

पहिल्या भागात तिसरी कामगिरी थडग्यांची आहे, झाँबींनी भरलेली, आणि पुष्कळ लोक तिथेच राम म्हणतात. झाँबी तलवारीने पडला तरी उठतो. अग्निबाण मारा, किंवा पवित्र पाण्याची कुपी वापरून पाण्याचे बाण सोडा. कुपीचा असर थोडाच वेळ टिकतो. नाहीतर सरळ बाजूने पळा, ते संथ आहेत. भुतंखेतं नकोतच तर दुसऱ्या भागापासून सुरू करा, तो बहुतांशी माणसांचा आहे.

मात्रागणित

पीएसपीचा (सोनीचा हातातला कन्सोल) पॅटापॉन, २००७. ढोलाच्या ठोक्यांनी फौज चालवायची. चौकोन पाटा, गोल पॉन, त्रिकोण चाका, फुली डॉन. पाटा-पाटा-पाटा-पॉन चाल, पॉन-पॉन-पाटा-पॉन हल्ला, चाका-चाका-पाटा-पॉन बचाव, पॉन-पाटा-पॉन-पाटा माघार.

चुकतं ते एकाच ठिकाणी: चार ठोके दिल्यावर लोक लगेच पुढचे चार देतात. केरवा तालाच्या आठ मात्रा धरा. पहिल्या चार तुमच्या, पाचवीला खाली आली की पुढच्या चार फौजेच्या. त्या चारांत बटणाला हात लावला की कॉम्बो तुटला. ठोका घाईने देण्यापेक्षा बरोबर बीटवर द्या. अचूक बसले तर फीवर (फौजेचा जोश) लवकर येतो.

ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही तालात असूनही गेम चूक धरतो. वायरचे लावा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. वाळवंटात फौज भाजून मरते तिथे लेव्हल वाढवत बसू नका. पावसाचा चमत्कार मिळवून तो पाडावा लागतो.

टवाळ

मॅजेस्टी, २०००. राजा तुम्ही, पण एकही शिपाई तुमचं ऐकत नाही. झेंडा रोवून त्यावर बक्षीस लावायचं, मग ज्याला हाव सुटेल तो जातो. रोग (म्हणजे चोर) सगळ्यात आधी धावतात, रेंजर शोधमोहिमेला जातात, आणि नवे विझार्ड पहिल्याच उंदराला बळी पडतात. त्यांना सुरुवातीला बोलावूच नका. आधी बाजार बांधून औषधाचं संशोधन करा. नायक आपल्या पैशाने औषध आणि लोहाराकडची हत्यारं घेतात, आणि तोच पैसा करातून तुमच्याकडे परत येतो. म्हणून बक्षिसात हात आखडता घेऊ नका.

देवळं बघून बांधा: क्रोलमचं बांधलं की दुसरं कुठलंच चालत नाही, हेलिया आणि लुनॉर्डचंही एकमेकांशी जमत नाही. एल्फ बोलावले तर बाजाराची कमाई वाढते, पण मागोमाग जुगाराचे अड्डे उगवतात.

चिंचबन

आर्केनम (२००१, ट्रोइका) कुणी सुचवलाच तर आधीच सांगून ठेवतो: अनधिकृत पॅचशिवाय हात लावू नका, आणि लढाई टर्न-बेस्डवर ठेवा, रिअल टाइम निव्वळ गोंधळ आहे. ब्लॅक माउंटन क्लॅनच्या खाणीत गोलेम (जादूने चालणारे पुतळे) तुमची चांगली तलवार खाऊन टाकतात. आत जाताना एखादं भंगार हत्यार बरोबर घ्या, नाहीतर हार्म मंत्र शिकून जा.

कोकणकडा

आणि अंतराळात भटकायचा स्टार कंट्रोल २, १९९२, आता अर-क्वान मास्टर्स नावाने फुकट. पृथ्वीच्या स्थानकावर किरणोत्सारी खनिज मागतात, ते बुधावर मिळतं. पहिला साथीदार प्लूटोवर घाबरून बसलाय. लँडर (ग्रहावर उतरायचं यान) खेळातल्या ५०० ला पडतो, म्हणून भूकंप आणि आगीच्या ग्रहांवर ढाली घेतल्याशिवाय उतरू नका. खेळाचं कॅलेंडर २१५५ पासून पुढे सरकत असतं आणि उशीर केलात तर आकाशगंगेतल्या जमाती एकेक करून संपवल्या जातात. वही-पेन जवळ ठेवा. कुणी काय सांगितलं, कुठल्या ताऱ्यावर, हे गेम तुमच्यासाठी लिहून ठेवत नाही.