एक खोली, चार माणसं: पोराला साडेआठला झोपवायचं की सगळ्यांबरोबर दहाला?

परात
दीड ते तीन वर्षांचं पोर, हॉटेलची एकच खोली, एक डबलबेड आणि खाली मागवलेली जादा गादी. सोबत आई-बाबा, बरेचदा आजी-आजोबांपैकीही कुणीतरी. बुकिंगपासून बॅगांपर्यंत सगळं ठरवून झालं तरी रात्री काय करायचं हे कुणी ठरवत नाही, म्हणून धागा काढतेय.

माझं मत सरळ आहे. घरी जी झोपायची वेळ तीच बाहेरगावी, फार तर अर्धा तास पुढे. जे काही बदलायचं ते खोलीत बदला.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्याला १० ते १३. रात्री उशीर झाला तर सकाळी भरून निघेल, हा हिशेब घरी कधीमधी जुळतो. हॉटेलात नाही जुळत. मे महिन्यात कोकणात सहाच्या आधीच फटफटतं, मग पॅसेजमध्ये बादल्या वाजतात, शेजारच्या खोलीची बेल वाजते, आणि दहाला नाश्ता बंद होतो. रात्र वरून कापली जाते, खालून वाढत नाही. अशा दोन रात्री गेल्या की तिसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या वाळूत पोर लोळण घेतं आणि आपण म्हणतो, हट्टी झालंय.

खोलीत शिरल्यावर सामान उघडायच्या आधी पडदे ओढा, सगळे दिवे घालवा आणि दोन मिनिटं नुसते बसा. उजेड कुठून येतो ते दिसेल: पडद्यांच्या मधल्या फटीतून, दाराखालून, टीव्हीच्या लाल ठिपक्यातून, एसीवरच्या आकड्यातून. पडद्याची फट कपाटातल्या चिमट्याच्या हँगरनं बंद होते. दाराखाली टॉवेलची गुंडाळी. टीव्हीचा प्लगच काढा. एसीचा आकडा बऱ्याच रिमोटवर एका बटणानं जातो, नाहीतर त्यावर काळी इन्सुलेशन टेप. काउंटरवर दुसरं कीकार्ड मागून घ्या, कारण रात्री खाली जाणारा माणूस भिंतीतलं कार्ड काढून नेतो, एसी बंद पडतो आणि पोर घामाघूम होऊन उठतं.

पोराची गादी बाथरूमपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, जमिनीवर. दोन वर्षांच्या मुलाला जमिनीवरून पडायला जागाच नसते. एसी २५-२६वर, झोत वरच्या दिशेनं.

दीड_दमडी
लावली खोली. आता साडेआठला मोठ्यांनी काय करायचं ते सांगा. हॉटेलातलं जेवणच आठला सुरू होतं. एकानं अंधारात बसायचं, दुसऱ्यानं खाली एकट्यानं जेवायचं आणि मग पाळी बदलायची? ही सुट्टी झाली की रात्रपाळी?

आणि उजेडाचं एवढं केलंत, पण दुसरं माणूस खोलीत येतं त्याचं काय? दार लागल्याचा आवाज, बाथरूमचा दिवा, त्याच बटणावर लावलेला एक्झॉस्ट फॅन. पोर झोपून तासभर झाला की त्याची झोप हलकी व्हायची वेळ येते, आणि नेमके तेव्हाच मोठे खोलीत शिरतात. सगळ्यांनी एकाच वेळी आडवं व्हायचं ठरवलं तर हे दुसरं उठणं होतच नाही.

पद्धत अशी. दुपारची झोप एक ते अडीचची असेल तर ती दोन ते साडेतीन-चार करा. दीड-दोन वर्षांचं पोर त्या झोपेतून उठल्यावर पाच ते सहा तास आरामात जागतं, म्हणजे झोप साडेनऊ-पावणेदहाला येते. त्याचं जेवण सव्वासातला खोलीत. आठला त्याला झोपायचे कपडे आणि नवीन डायपर घालूनच खाली न्या, म्हणजे परतल्यावर कपडे बदलायची झटापट नको. सव्वानऊला वर, साडेनऊला दिवे बंद, सगळे आडवे. मोबाइलसुद्धा बंद, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे बहुतेक पोरं आईच्या कुशीतच झोपतात. त्यांच्या लेखी रात्र म्हणजे आई आडवी झाली ती वेळ. आई खुर्चीत बसून फोन बघतेय आणि पोरानं एकट्यानं झोपावं ही अपेक्षाच मुळात वेगळ्या घरांतली.

घाटवळण
दीड_दमडी, दोघांच्याही वेळापत्रकात गाडी नाहीये. सगळा घोटाळा गाडीत होतो.

पुण्याहून तीनला निघालात की पोर पाचच्या सुमाराला पसरणी घाटात डुलकी घेतं आणि पाचगणीत सहाला टवटवीत उठतं. आता साडेआठही विसरा आणि साडेनऊही. साडेचारनंतरची झोप ही रात्रीच्या खात्यातून काढलेली उचल असते.

म्हणून निघायची वेळच झोपेवर बेता. बाराला जेवण भरवून निघा. एकच्या आत डोळा लागतो, अडीचपर्यंत झोप पुरी होते आणि तीनच्या आसपास खोलीत. वाटेत चहाला थांबू नका, गाडी थांबली की पोर उठलंच. उशिराची डुलकी लागलीच तर वीस मिनिटांत उठवा: काच खाली, पायातले मोजे काढायचे, हातात काहीतरी चावायला. चाळीस मिनिटं झोपू दिलंत तर रात्री साडेदहा ठरलेले.

दुसरी अडचण सूर्यास्ताची. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवरून गाड्यांच्या रांगेतून हॉटेलवर पोचेपर्यंत आठ. परात यांची वेळ त्या दिवशी पाळायची तर सूर्यास्त सोडा. डिसेंबरात तो सहाच्या आसपासच असतो, तेव्हा सगळंच बसतं.

कोकम_सरबत
घाटाचा विषय निघालाच आहे तर विचारते: उलटी होऊ नये म्हणून जे सिरप देतात त्यानं पोर रात्रीही गाढ झोपतं. प्रवासाच्या दिवशी तेवढं चालत नाही का?

खलबत्ता
नाही चालत. यात दुसरी बाजू नाही.

त्या सिरपांपैकी बऱ्याच बाटल्यांत प्रोमेथाझीन असतं. दोन वर्षांखालच्या मुलाला ते देऊच नये, कारण श्वास मंदावण्याचा धोका आहे. सर्दीची सिरपं याच कामासाठी वापरणारेही आहेत. त्यातलं क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्यांना देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरात काढला. आणि कित्येक पोरांवर या औषधांचा उलटा परिणाम होतो: झोप राहते बाजूला, पोर पलंगावर नाचतं. घाट लागत असेल तर निघण्याआधी हलकं खाणं, खिडकीबाहेर लांबवर बघता येईल अशी बैठक आणि गाडीत मोबाइल बंद. औषध लागणारच असेल तर डॉक्टरांना वजन सांगून, उलटीसाठी. झोपेसाठी नव्हे.

मधली_सुट्टी
आजी-आजोबा खोलीत असतील तर वरचे दोन्ही पक्ष सपशेल हरतात. तुम्ही रात्रीवर भांडताय, खरी लढाई पहाटे पाचला असते. आजोबा उठतात. चष्म्याची डबी टक्‌कन उघडते, नळ सुटतो, किटली खदखदते, पिशव्या कुरकुरतात. प्लॅस्टिकच्या पिशवीइतका वाईट आवाज अंधाऱ्या खोलीत दुसरा नाही.

उपाय आदल्या रात्रीचे आहेत. लवकर उठणाऱ्याची झोपायची जागा दाराजवळ. त्याचा चष्मा, ब्रश, शाल, चपला आणि सकाळच्या गोळ्या झोपण्याआधीच बाथरूमच्या कट्ट्यावर, कापडी पिशवीत. चहा खाली, खोलीतल्या किटलीवर नाही. आणि बाथरूमचं दार आतून पूर्ण लावून मगच दिवा.

घोरण्यासाठी एसीचा फॅन सतत चालू ठेवा. फोनवर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावत असाल तर फोन पोरापासून किमान दोन मीटर लांब, आवाज आपल्या हळू बोलण्याच्या खाली, आणि फ्लाइट मोडवर. नाहीतर पावसात मध्येच रिंगटोन.

परात
मधली_सुट्टी, पहाटेचं पटलं, जशाच्या तसं.

दीड_दमडी, कुशीत झोपणाऱ्या पोराचा मुद्दा खरा आहे, पण तो माझ्या विरोधात जात नाही. कुशीत घेऊन साडेआठला झोपवा की. वीस मिनिटं आडवं व्हायचं आणि मग उठायचं, घरीही हेच होतं. जेवणासाठी पाळ्या लावायची गरज नाही, ताटं खोलीत मागवा आणि बाल्कनीत जेवा. रात्रीचा दिवा म्हणून बाथरूमऐवजी कपाटातला दिवा वापरा, दार दोन बोटं उघडं ठेवून. एक्झॉस्टचा आवाज टळतो.

पोराच्या जेवणाचं मात्र सकाळी नाश्त्यालाच सांगून ठेवावं लागतं. बरीच किचनं चार ते सात बंद असतात. "साधं वरण" म्हटलं की जिरं-मिरचीची फोडणी घातलेली डाळ येते. "शिजवलेली तूरडाळ, फक्त हळद आणि मीठ, फोडणी नाही, भात मऊ" असं शब्दशः सांगा. सोबत तुपाची छोटी बाटली आणि मेतकूट असलं की नुसत्या भातावरही भागतं.

गच्चीवरचं_मांजर
बाल्कनी नसेल तर? दोन फोनवर आपसात व्हिडिओ कॉल लावायचा, एक पोराजवळ ठेवायचा आणि दुसरा घेऊन खाली रेस्टॉरंटमध्ये जेवायचं. एकाच इमारतीत तर आहोत.

घाटवळण
अजिबात नको. हॉटेलचं दार आतून खटका खाली दाबला की उघडतं आणि मागे आपोआप लॉक होतं. तो खटका दोन वर्षांच्या पोराच्या हाताला येतो. जागं झालेलं पोर आईला शोधायला पॅसेजमध्ये जातं, पाठीमागे दार बंद, समोर जिना. उलटंही होतं: आतली कडी ढकलली की तुमचं कार्ड असून नसल्यासारखं. आणि लिफ्टमध्ये शिरलात की कॉल तुटतो. फोनचा पहारा एकाच खोलीच्या बाल्कनीपुरता ठीक. तिथेही कठड्याजवळची खुर्ची दिवसा आत घ्या, कारण पोर आधी खुर्चीवर चढतं.

दीड_दमडी
हे शंभर टक्के. खाली जायचं तर पोराला घेऊन, आणि मी तेच म्हणतोय.

परात, एक सांगा, सिंगापूरला गेलात तर काय कराल? तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. घरी नऊला झोपणारं पोर तिथल्या साडेअकराला झोपेल. चार दिवसांसाठी त्याला ओढूनताणून साडेआठला झोपवणार?

परात
नाही. चार दिवसांसाठी भारतातलंच घड्याळ चालू द्यावं. तिथल्या अकराला झोपलं आणि नऊ-साडेनऊला उठलं तरी दहा-साडेदहा तास भरतात, फक्त पडदे पक्के हवेत आणि दारावर "डिस्टर्ब करू नका"ची पाटी हवी. नाश्ता तेवढा हुकतो. दुबईला उलट: तिथलं घड्याळ दीड तास मागे, आपले नऊ म्हणजे तिथले साडेसात. तुमची दहाची पद्धत तिथे लावलीत तर पोराच्या अंगात साडेअकरा वाजलेले असतात.

दीड_दमडी
दुबई तुमची, सिंगापूर माझं. महाबळेश्वर अजून वादात.

ओसरी
हॉटेलच कशाला? कोकणातल्या घरगुती निवासात खोलीबाहेर पडवी असते. पोर आत, दार अर्धवट उघडं, मोठे पडवीत गप्पा मारत. खोलीचा प्रश्नच उरत नाही.

खलबत्ता
उरतो, डासांच्या रूपात. दार अर्धवट उघडं म्हणजे आमंत्रणच. घडीची मच्छरदाणी न्या, कडा गादीखाली दाबून. वीज गेली की पंखा जातो, तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा चालतो का हे बुकिंगलाच विचारा. "बॅकअप आहे" म्हणजे बरेचदा नुसता एक दिवा. आणि पलंग भिंतीला सरकवत असाल तर फट अजिबात नको. गादी आणि भिंत यांच्यात पोर अडकू शकतं. फट उरत असेल तर सरळ जमिनीवरची गादी, या एका बाबतीत परात बरोबर.

कोकम_सरबत
सिरपाचं कळलं, रद्द. घरची गोधडी नेणार आहे. धुऊन नेऊ का?

मधली_सुट्टी
न धुता न्या. पोराला हवा असतो तो घरचा वास. उशीचा अभ्राही चार दिवस वापरलेला. आणि पहिल्या रात्री अर्धा तास जास्त धरूनच चला. अनोळखी जागी पहिल्या रात्री मोठ्यांचीही झोप हलकी लागते.

गच्चीवरचं_मांजर
परात, एसीवरची काळी टेप काढताना गोंद राहतो आणि हॉटेलवाले कुरकुरतात. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी मायक्रोपोर टेप दोन पदरी लावा, निघताना अलगद सुटते. आकडा अंधूक दिसतो, पण पोराला चालतं. स्मोक डिटेक्टरला मात्र काही चिकटवू नका, लुकलुकू दे त्याला.

परात
मायक्रोपोर. घेतली यादीत.