‘आपोआप’ वाढणारी मुले आणि मांजरे

कृष्णाकाठची

‘वाड्यातला’ या टोपणनावाने लिहिणाऱ्यांचा वाईच्या वाड्याविषयीचा लेख मी तीन वेळा वाचला. त्यांच्या लहानपणी त्या वाड्यात २२ माणसे, त्यांतली ७ मुले, दोन कुत्रे आणि ‘मोजता न येणारी’ मांजरे नांदत होती, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर ‘कोणी कोणाला मुद्दाम वाढवले नाही, सगळे आपोआप वाढले’. एक मूल आणि एक कुत्रा यांचा आजच्या आया एवढा बाऊ का करतात, असे विचारून त्यांनी लेख संपवला आहे. पहिल्या वाचनात मला त्यांचा हेवा वाटला, दुसऱ्या वाचनात राग आला आणि तिसऱ्या वाचनानंतर मी हे लिहायला बसले.

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. सासूबाई, सासरे, चुलत सासूबाई, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा आणि पाच मुले असे आम्ही १४ जण आहोत. शिवाय मोती नावाचा गावठी कुत्रा आहे आणि चंपी नावाची मांजर आहे, जिची तीन पिल्ले सध्या गाद्यांच्या कपाटात मुक्कामाला आहेत. आमच्याकडचे ‘आपोआप’ पहाटे साडेपाचला सुरू होते. चार लिटर दूध तापवायचे, एकाला साय चालत नाही म्हणून ते गाळायचे, ती साय चंपीपुढे ठेवायची, ती खात असेपर्यंत मोतीला मागच्या दारी अडवायचे, मोतीने उंबऱ्यावर करून ठेवलेले सासऱ्यांचा पाय पडण्यापूर्वी पुसायचे, पुतणीचा हरवलेला मोजा पिल्लांच्या अंगाखालून ओढून काढायचा आणि मोतीची जंताची गोळी पेढ्यात दडवून त्याला चारायची. मोती पेढा खातो आणि गोळी सोफ्याखाली ठेवून येतो. ती दीड वर्षाच्या धाकटीच्या हाती लागण्याआधी शोधून काढण्याचे कामही, अर्थातच, आपोआप होते.

दोन वर्षांपूर्वी सहा वर्षांच्या पुतण्याने मोती खात असताना त्याच्या थाळीत हात घातला आणि मोती त्याला चावला. जखम लहान होती, पण रक्त आले होते. चुलत सासूबाई तिखट आणि चुना घेऊन धावल्या. मी मुलाला उचलून नळाखाली नेले आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने हात धूत राहिले. तो रडत होता आणि मागे सगळे माझ्यावर ओरडत होते. मग मोतीचे लसीचे कार्ड काढले, तर वर्षाची लस टळून पाच महिने झाले होते. घरात नऊ मोठी माणसे आहेत, आणि नवांतल्या प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्या कोणीतरी त्याला नेऊन आणले असेल. सात सुगरणी आणि भाजी अळणी. मुलाला त्या दिवशी रेबीजची लस, नंतर ३, ७ आणि २८ दिवसांनी पुन्हा. चारही वेळा त्याला घेऊन रांगेत कोण उभे राहिले, हे सांगायला हवे का?

एकत्र कुटुंब वाईट असते असे माझे म्हणणे नाही. मी त्याच घरात राहते आणि सोडून जाण्याचा माझा विचारही नाही. ‘आपोआप’ हा शब्द मात्र मला सहन होत नाही.

वाड्यातला

ताई, आपण माझ्या एका शब्दावर एवढी मोठी इमारत बांधाल याची मला कल्पना नव्हती. माझा लेख आठवणींचा होता, घरकामाचा हिशेब मांडण्याचा नव्हता. आमच्या वाड्यातही कष्ट होते आणि ते मी नाकारलेले नाहीत. परंतु ते आई, दोन काकू आणि आत्या अशा चौघींत वाटलेले असल्यामुळे एकटीच्या डोक्यावर कधी पडले नाहीत, आणि त्या चौघींच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही.

शिवाय आपण एक गोष्ट सोयीस्करपणे वगळलीत. आमची काळी कुत्री गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आजोबांनी सातही मुलांना बोलावले, परसातल्या पारिजातकाखाली खड्डा खणायला लावला आणि प्रत्येकाला मूठभर माती टाकायला सांगितली. सर्वांत धाकट्या भावाने खिशातला अर्धा बत्तासा तिच्याजवळ ठेवला, तिला वाटेत भूक लागेल म्हणून. पुढे आजोबा गेले तेव्हा मृत्यू म्हणजे काय हे आम्हां मुलांना कोणाला समजावून सांगावे लागले नाही. हे शिक्षण फ्लॅटमध्ये, पाळणाघरात आणि सुटीतल्या शिबिरांत कोठे मिळते, ते मला दाखवा.

तिसरा मजला

मला आपल्या उत्तरातला फक्त एक शब्द पुन्हा वाचायचा आहे. ‘चौघींत.’ बावीस माणसांच्या वाड्यात कष्ट चौघींत वाटलेले होते, आणि आपल्याला ती वाटणी वाटते! तक्रार ऐकली नाही म्हणता, तर ऐकायला आपण स्वयंपाकघरात किती वेळ असायचात, हेही सांगा.

तरीही कृष्णाकाठच्या ताईंना मी म्हणेन की आपण ज्याला वैतागला आहात त्यासाठी मी वाटेल ते देईन. पिंपरी-चिंचवडमध्ये आम्ही दोघे, चार वर्षांचा मुलगा आणि एक मांजर. नवरा बाहेरगावी असताना एका रात्री मुलाला १०२ ताप, आणि त्याच रात्री मांजरीने गजऱ्याचा दोरा गिळला. एक टोक जिभेखाली अडकलेले, दुसरे पोटात. ओढून काढू नका, आतडे कापले जाईल, असे दवाखान्यातून फोनवर सांगितले आणि ताबडतोब घेऊन यायला सांगितले. तापलेला मुलगा खांद्यावर, मांजर भाजीच्या झाकणाच्या टोपलीत, आणि रिक्षावाला मांजर पाहून निघून गेला. त्या रात्री मला लसीची तारीख विसरणारी नऊ माणसे चालली असती. मुलाशेजारी नुसती बसून राहणारी एक चुलत सासूबाई मिळाली असती तरी खूप होते, मग तिने तिखट आणले असते तरी चालले असते. (मांजर वाचली. घरात गजरा आणणे मी बंद केले आहे.)

बेळगावकर

मूळ प्रश्नापेक्षा मला वेगळेच खटकते. हा सगळा बाऊ खाण्यापासून सुरू होतो. हल्ली कुत्र्याला पाकिटातले खाणे, मांजरीला पाकिटातले खाणे, आणि त्या पाकिटाची किंमत घरच्या महिन्याच्या तांदळाएवढी. आमच्या घरी वाघ्या सोळा वर्षे जगला तो दूध-भाकरीवर. मांजरांना दूध-भात आणि उरलेली आमटी. कोणतेही मांजर डॉक्टरकडे गेले नाही आणि कोणाला चष्मा लागला नाही.

जनावरांचा डॉक्टर

गुरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात ३१ वर्षे काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

सोळा वर्षे जगलेला वाघ्या सर्वांना आठवतो. सहाव्या वर्षी गेलेल्यांची आठवण काढायला कोणी येत नाही. कुत्रा माणसाच्या संगतीत राहून पीठ पचवायला शिकलेला प्राणी आहे, म्हणून भाकरी त्याला चालते, मात्र तिच्याबरोबर अंडे किंवा मांस हवे. मांजराचे तसे नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला आहारातून पुरेसा मिळावाच लागतो. तो प्राणिजन्य अन्नात असतो आणि दूध-भातात तो पुरेसा नसतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. आपल्या मांजरांना चष्मा लागला नाही, कारण आंधळ्या मांजराला चष्मा देत नाहीत. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दूधही नीट पचत नाही. आमटी तर दोघांनाही नको, कारण तिच्यात कांदा-लसूण असतो आणि त्याने रक्तातल्या पेशी फुटतात. कुत्र्याला बेदाणे आणि चॉकलेटही नको. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे खाऊन आलेला कुत्रा मी पाहिला आहे.

आता माझी जुनी तक्रार. मोठ्या घरातून जनावर आले की मी एकच प्रश्न विचारत असे : शेवटचे कधी खाल्ले? पाच जण पाच उत्तरे देत. आजी म्हणे, सकाळपासून काही नाही. नातू म्हणे, मी आत्ताच बिस्किटे दिली. आजोबा मान खाली घालत, कारण त्यांनी गुपचूप पोळी घातलेली असे. लठ्ठ कुत्रे मी सर्वाधिक पाहिले ते एकत्र कुटुंबांतले. प्रेम नऊ जणांचे आणि पोट एकच.

निरामिष

डॉक्टरसाहेब, आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. सासूबाईंचे सोवळे आहे. मुलांच्या हट्टापायी मांजर आले आणि आता घरातलेच झाले आहे. मग आम्ही काय करावे? आपले शास्त्र मान्य आहे, पण घर कसे चालते हेही पाहावे लागते.

जनावरांचा डॉक्टर

मांजर पाळू नये. सोवळे आपले आहे, तिचे नाही.

निरामिष

हे उत्तर देताना आपल्याला जराही संकोच वाटला नाही, हे पाहून वाईट वाटले. तीन पिढ्यांच्या घरात मी कोणाला काय खाऊ घालावे आणि कोणाचे मन कसे राखावे, याची सकाळ-संध्याकाळ परीक्षा देते, आणि आपण एका ओळीत मला अपात्र ठरवून मोकळे झालात. दवाखान्यातही माणसांशी असेच बोलत होतात का?

बेळगावकर

शाबास, ताई. आणि डॉक्टर, मांजर कोणी ‘पाळत’ नाही, ती येते. असतील शिते तर जमतील भुते. आमच्या मांजरी दिवसभर गुळाच्या वखारीत असत आणि तिथल्या उंदरांचा समाचार घेत. तुमचे ते टॉरिन उंदरात असते की नसते, एवढेच सांगा.

जनावरांचा डॉक्टर

असते. भरपूर असते. म्हणजे आपल्या मांजरी दूध-भातावर जगल्या नाहीत, वखारीतल्या उंदरांवर जगल्या, आणि श्रेय भाताने घेतले. मोकळ्या मांजराची गोष्ट वेगळी, एवढे मी मान्य करतो; बंद फ्लॅटमधल्या मांजराला वखार नसते.

निरामिष ताई, माझे बोलणे तुटक झाले. घरात शिजवायचे नसेल तर मांजरांचे तयार कोरडे खाणे बाल्कनीत वेगळ्या भांड्यात द्यावे, चमचाही वेगळा ठेवावा. सोवळ्याला धक्का लागणार नाही, एवढा तोडगा मी अनेक घरांत काढून दिला आहे.

निरामिष

हेच आधी सांगितले असते तर?

कृष्णाकाठची

चर्चा माझ्या उंबऱ्यावरून मांजरीच्या ताटलीत गेली आणि तेथेच रमली. ती ताटली धुते कोण, हे मात्र अद्याप एकाही पुरुषाने विचारलेले नाही. (चंपीची साय मात्र आजपासून बंद.)

‘तिसरा मजला’ यांची रात्र वाचून मला ऑगस्ट २०१९ आठवला, म्हणून माझ्याच बाजूला मारक ठरणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. त्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपुढे गेले होते. ४५ फूट ही धोक्याची पातळी. आमचा तळमजला बुडाला. वरच्या मजल्यावर आम्ही, तेव्हा दोन वर्षांचा असलेला मोती आणि चंपीच्या आधीची मांजर असे सगळे एका खोलीत होतो. मुलांना घाबरू न देण्यासाठी मोठ्या जाऊबाईंनी मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्यांचे कुत्रे केले, आणि खरा कुत्रा त्यांच्यावर भुंकत राहिला. दुसऱ्या दिवशी बोट आली तेव्हा जनावरे घेता येणार नाहीत असे सांगण्यात आले. धाकटे भाऊजी काही न बोलता जिन्यावर खाली बसले आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे.” चुरमुऱ्यांचे पोते, दोन घागरी पाणी, एक कुत्रा आणि एक मांजर यांच्यासह ते तीन दिवस तेथे राहिले. घरात तिघांचेच कुटुंब असते तर मागे राहायला कोण होते? हे मी ‘वाड्यातला’ यांना देऊन टाकते.

पूर ओसरल्यावर चिखल सर्वांनी मिळून काढला, अगदी सासऱ्यांनीसुद्धा. मात्र महापूर रोज येत नाही, आणि मोतीच्या लसीची तारीख दर वर्षी येते.

वाड्यातला

भाऊजींची गोष्ट मी माझ्या खात्यात जमा करून घेत आहे, आणि ती परत मिळणार नाही.

आपल्या या धाग्यामुळे काल रात्री मी आईला फोन केला. ती आता ८४ वर्षांची आहे. तिला विचारले, “आपल्याकडे इतकी मांजरे होती, त्यांचे कोण करायचे?” ती म्हणाली, “करायचे काय त्यात? पिल्ले झाली की पंधरा-वीस दिवसांनी पोत्यात घालून गड्याबरोबर नदीपलीकडे सोडायला पाठवायचे. तुम्हां मुलांना शाळेत धाडल्यावर. एखादे ठेवायचे, म्हणजे तुम्ही विचारणार नाही.” मी काही बोललो नाही. मग ती म्हणाली, “पोते मीच बांधायची. तुझ्या काकूंना बघवायचे नाही.”

मांजरे मोजता येत नसत, कारण ती दर वर्षी वेगळी असत. हे मला ५८व्या वर्षी कळले.

जनावरांचा डॉक्टर

तेव्हा बहुतेक घरांत हेच होत असे. आईंना दोष देऊ नये. कृष्णाकाठच्या ताई, चंपीची पिल्ले दूध सोडायला लागली की तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी, नाहीतर पिल्ले लहान असतानाच ती पुन्हा गाभण राहते. पिल्लांची पाच-सहा महिन्यांची झाल्यावर.

कृष्णाकाठची

तारीख घेतली आहे. या वेळी धाकटे भाऊजी घेऊन जाणार आहेत आणि त्यांच्या नावासह ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहिली आहे, म्हणजे नऊ जणांना दिसेल.

‘वाड्यातला’, आपल्या आईंना माझा नमस्कार सांगा. आणि लेखातले ते वाक्य आता बदला.

वाड्यातला

वाक्य बदलणार नाही. लेख माझा आहे आणि वाडाही माझा होता. ‘आपोआप’ला अवतरणचिन्हे घातली आहेत.