मदत हवी आहे: हलकी विमानं हवाई प्रवासाचा खरंच कायापालट करतील का?

निळीवाट

नमस्कार मंडळी,

शनिवारी भाचीची वादविवाद स्पर्धा आहे. विषय: 'हलक्या, कमी इंधन लागणाऱ्या विमानांमुळे हवाई वाहतुकीचा कायापालट होईल'. ती बाजूने बोलणार आहे. तिला अर्धवट माहिती द्यायची नाही, म्हणून हा धागा.

आम्ही वाचलं ते असं. बोइंग ७८७ मध्ये वजनाने जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे मुख्यतः कार्बन फायबरचा आहे. ते २०११ मध्ये सेवेत आलं, आणि ज्या ७६७ ची जागा घेण्यासाठी ते बनवलं त्यापेक्षा सुमारे २० टक्के कमी इंधन लागतं असं कंपनी सांगते. ही सगळी करामत हलक्या अंगाची असंच मी धरून चाललो होतो. पण या बचतीतला साधारण ४० टक्के वाटा इंजिनांचा निघाला. उरलेल्यात पंखांची घडण, विद्युत यंत्रणा आणि वजन. मग 'हलकी' या शब्दावर एवढा भर द्यावा का?

दुसरी अडचण मला जास्त छळते. १९५८ मध्ये प्रवासी घेऊन उडू लागलेलं बोइंगचं ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जायचं. आजची विमानंही तेवढ्याच वेगाने जातात. मग कायापालट नेमका कशाचा? जाणकारांनी सांगावं.

घिरट्या

विमानांच्या देखभालीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून लिहितो.

वजनाचा आणि इंजिनाचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही. सांगाडा हलका झाला की पंख लहान चालतो, पंख लहान झाला की इंजिन लहान चालतं, मग इंधन कमी भरावं लागतं. आणि भरलेलं इंधन हेसुद्धा वजनच! ७८७-९ जास्तीत जास्त २५४ टन वजन घेऊन उडतं. टाक्या काठोकाठ भरल्या तर १०० टनांच्या आसपास नुसतं इंधन होतं. लांबच्या उड्डाणात पुढच्या तासांचं इंधन वाहून नेण्यासाठी आधीच्या तासांत इंधन जळत असतं. त्यामुळे सांगाड्यातला एक टन वाचला की बचत त्या एका टनावर थांबत नाही.

शिवाय दर उड्डाणात केबिन फुगते आणि आकसते. अल्युमिनियम त्याने थकतं, वर गंजतंही. कार्बनला हे दोन्ही त्रास फार कमी. म्हणूनच ७८७ मध्ये केबिनमधली हवा ६,००० फुटांवर असते तितपत दाट ठेवता आली. जुन्या विमानांत ती ८,००० फुटांवरच्या इतकी विरळ असायची. लांबच्या प्रवासात हा फरक अंगाला कळतो.

विरोधी बाजू मात्र हे विचारेल: पत्र्याला पोचा पडला की डोळ्यांना दिसतो, पण कंपोझिटला सामानाची गाडी घासली तर वरून काहीच न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. मग अल्ट्रासाउंडने तपासावं लागतं. याचं उत्तर भाचीकडे तयार हवं.

दूरदेशी

वेगाचा नाद सोडा, नकाशा बघा. सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळचं नेवार्क ही थेट सेवा एअरबसच्या चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये बंद पडली, कारण इंधनाचा खर्च झेपेना. २०१८ मध्ये तीच सेवा दोन इंजिनांच्या ए३५० ने पुन्हा सुरू केली. जुन्याच्या टाक्या २ लाख लिटरहून मोठ्या होत्या, नव्याच्या १ लाख ६५ हजार लिटरच्या. अंतर तेच, साधारण १५,३०० किलोमीटर. माझ्या मते भाचीचं सगळ्यात भक्कम उदाहरण हेच.

पण इंधन कमी लागलं की एकूण वापर घटतो, असं तिला म्हणू देऊ नका. उड्डाण स्वस्त पडलं की उड्डाणं वाढतात. कोळशाबाबत हेच इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये मांडलं होतं. दर प्रवाशामागचं इंधन दशकानुदशकं घटत आलं, पण प्रवासी त्याहून वेगाने वाढत गेले.

निळीवाट

दोघांचे मनापासून आभार. म्हणजे भाषण नकाशावर उभं करायचं आणि एकूण इंधन, म्हणजेच प्रदूषण, घटेल हा दावा गाळायचा. एकच शंका राहिली. जवळच्या मार्गांवरच्या लहान विमानांनाही हे लागू होतं का?

घिरट्या

तिथेच घोडं अडलं आहे. एअरबसचं ए३२०निओ आणि बोइंगचं ७३७ मॅक्स या लहान विमानांची धडं अजून अल्युमिनियमचीच आहेत, त्यांची बचत मुख्यतः नव्या इंजिनांतून आली. आणि जगात सर्वांत जास्त उडणारी विमानं याच गटातली. अडचण कारखान्यात आहे. कार्बनचे मोठे भाग भट्टीत दाबाखाली तासन्‌तास भाजावे लागतात. २०१९ मध्ये ७८७ महिन्याला १४ बनत होती, तर ए३२० च्या कुळातली ६० च्या घरात. तेवढ्या वेगाने कार्बनची धडं स्वस्तात काढता आली, तर भाचीचं 'होईल' खरं ठरेल. मी तिच्या जागी असतो तर हे कबूल करून मगच बोलायला सुरुवात केली असती.