मदत हवी आहे: बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकलं, काही दाणे मध्येच लटकले!

पेरणीवाला

मंडळी, विषय बियाण्याचा असला तरी प्रश्न शास्त्राचा आहे, म्हणून इथे विचारतोय.

राहायला सोलापुरात, शेत मार्डीच्या बाजूला. धनशक्ती बाजरीचं घरचंच बी राखून ठेवलंय. गेल्या हंगामात काही कणसांत अरगट दिसला होता, म्हणजे दाण्याच्या जागी काळपट गाठी. त्यामुळे यंदा पेरणीआधी मिठाची प्रक्रिया करायचं ठरवलं. प्रमाण तेच नेहमीचं, 10 लिटर पाण्याला 2 किलो मीठ. वर येईल ते काढून टाकायचं, खाली बसेल ते पेरायचं.

बादलीत पाणी घेतलं, खडे मीठ ओतलं, काठीने जरा ढवळलं आणि बी सोडलं. बरंचसं तळाला गेलं, गाठी आणि पोचट दाणे वर आले. पण काही दाणे ना वर ना खाली. बादलीत नीट दिसेना म्हणून पुतण्याने लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत तसंच करून पाहिलं. तर निम्म्या उंचीवर दाण्यांचा एक पट्टाच लटकलेला! चमच्याने खाली दाबले तरी हळूहळू परत तिथंच येतात.

आप्पांचं म्हणणं, "लटकलेलं पण पेर, बी काय फुकट येतंय का." पुतण्या आठवीत आहे. प्लावक बल, आर्किमिडीजचे तत्त्व सगळं पाठ आहे त्याला, पण हे काय चाललंय ते सांगता येईना.

तर मला तीन गोष्टी कळत नाहीत. दाणा इतका हलका, तरी बुडतो. पुरात भीमेतून अख्खा ओंडका वाहत येतो, तो तरंगतो. हे कसं? दुसरं, मीठ कशाला लागतं, साध्या पाण्यात निवडलं तर काय बिघडतं? आणि हे मधले त्रिशंकू पेरायचे की टाकायचे?

---

फळा_खडू

वजनाकडे बघू नका, तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्याच्या वजनाकडे बघा.

दाणा टाकायच्या आधी त्या जागी काय होतं? दाण्याएवढंच पाणी. ते पाणी खाली पडत नव्हतं, कारण आजूबाजूचं पाणी त्याला उचलून धरत होतं. खोल जाऊ तसा दाब वाढतो, त्यामुळे खालून वर ढकलणारा जोर वरून खाली ढकलणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. हा फरक बरोबर तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका भरतो. आता तिथे दाणा आला. आजूबाजूच्या पाण्याला काय आलंय त्याच्याशी देणंघेणं नाही, ते पहिल्याइतकंच उचलतं. दाण्याचं वजन त्याहून जास्त असेल तर दाणा खाली जाणार, कमी असेल तर वर येणार. ओंडका दीड क्विंटलचा असेना, त्याच्या आकाराएवढं पाणी त्याहून जड असतं. पुतण्याच्या पुस्तकातलं तत्त्व ते हेच, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने मांडलेलं.

पितळेची घागर विहिरीत तरंगते तीही याच हिशोबाने. रिकामी असताना ती नुसत्या पितळेपेक्षा कितीतरी जास्त पाणी बाजूला सारते. तोंडातून पाणी आत शिरलं की मग फक्त पितळेच्या जाडीएवढं पाणी सारलं जातं, आणि पितळ पाण्याच्या आठपटीहून जड.

आता मीठ. साध्या पाण्याची घनता 1. अर्धवट भरलेला दाणा किंवा अरगटाची गाठ पाण्यापेक्षा किंचितच जड असली तरी साध्या पाण्यात चांगल्या दाण्यांबरोबर तळाला जाऊन बसते. 10 लिटरला 2 किलो मीठ विरघळलं की घनता साधारण 1.12 होते. आता ही मधली मंडळी वर येतात आणि भरलेला दाणा तरीही बुडतो. म्हणजे मीठ हे चाळणीचं भोक ठरवतं.

आणि तुमच्या त्रिशंकूंचं उत्तर तळाशी आहे: बरणीच्या बुडाला न विरघळलेलं मीठ दिसतंय का बघा.

---

पेरणीवाला

ताई/सर, आत्ता बघितलं. बोटभर थर आहे मिठाचा!

---

फळा_खडू

(ताई.) मग झालं. एकसारख्या पाण्यात दाणा मध्येच थांबून राहणं जवळपास अशक्य, तो वर जाईल नाहीतर खाली. तुमच्या बरणीत खालचं पाणी दाट खारट, वरचं जवळजवळ गोडं. दाणा खाली येताना ज्या उंचीवर पाण्याची घनता त्याच्याइतकी झाली, तिथे अडकला. खाली दाबला तर दाट पाणी त्याला वर लोटतं. पट्टा बघून पुतण्याला प्रत्येक दाण्याची घनता लावता येईल, पण बी निवडायला ही बरणी कामाची नाही.

---

डाईंगवाला_एमआयडीसी

टॉवेलच्या डाईंगमध्ये आहे, मिठाचं पाणी हा रोजचाच विषय. खडे मीठ दोन फेऱ्यांत कुठलं विरघळतंय, आधी तासभर भिजू द्या आणि तळापासून ढवळा. आमच्याकडे पाण्याचा दाटपणा मोजायला ट्वाडल मीटर सोडतात, तुमच्या प्रमाणाला तो साधारण 24 दाखवेल. (तो काचेचा मीटर पण याच नियमावर तरंगतो, पाणी दाट तसा वर.) मीटर नसेल तर लिटरचं माप काठोकाठ भरून काट्यावर ठेवा. मापाचं वजन वजा जाता 1 किलो 120 ग्रॅमच्या आसपास आलं की पाणी तयार. एकदा वरून, एकदा खालून काढून तोला. दोन्ही सारखे येईपर्यंत ढवळत राहायचं.

---

मोहोळचा_गडी

शास्त्र झालं, आता कामाचं. बी एकदम ओतू नका, थोडं थोडं सोडा. कोरड्या दाण्यांना हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगला दाणाही वर राहतो. हाताने हलवलं की बुडबुडे सुटतात, मग जो वर राहील तो खरा हलका. बी जास्त वेळ मिठात ठेवू नका. खाली बसलेलं दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, मीठ राहिलं तर उगवण मार खाते.

वर आलेलं जाळून टाका. कोंबड्यांना, जनावरांना अजिबात घालू नका, अरगट विषारी असतो.

आणि हे फक्त घरच्या बियाण्याला. पिशवीतलं रंग लावलेलं संकरित बी आधीच औषध चोळून येतं, ते मिठात बुडवायचं नसतं.

---

पेरणीवाला

सगळ्यांचे आभार. मीठ पूर्ण विरघळवून, तोलून परत केलं. त्रिशंकूंतले बरेचसे वर आले, थोडे खाली बसले. आप्पांना सांगितलं, वरचे जाणार, खालचे पेरणार. थोडी कुरकुर झाली.

शेवटचं एक, हे बादलीभर खारं पाणी बांधावरच्या लिंबाला घातलं तर चालेल का?

---

मोहोळचा_गडी

लिंबाने काय घोडं मारलंय राव तुमचं? अजून बी बाकी असेल तर त्याच पाण्यात निवडा, तोलून बघा आणि कमी भरलं तर मीठ वाढवा. उरलेलं झाडांपासून, विहिरीपासून लांब मुरमाड जागेत ओता.