१८०३ ची पर्यायी युद्धकथा: कोणाच्या फौजा घ्याव्यात?

धागाकर्ता:
यशवंतराव होळकर १८०३ मध्येच इंग्रजांविरुद्धच्या युद्धात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना मिळाले असते तर? अशी कथा लिहायची असेल तर फौजा तीनच घ्याव्यात: शिंदे, होळकर, भोसले. फ्रेंच नकोतच. फ्रेंच सेनापती देकाँ जुलै १८०३ मध्ये पाँडिचेरीला आला खरा, पण हाताशी पुरेसं सैन्य नव्हतं, आणि तो तिथून थेट मॉरिशसला गेला. त्याच्या जोरावर कथा उभी केली की ती पहिल्याच प्रकरणात कोसळते.

प्रतिसाद १:
फ्रेंचांबद्दल सहमत, तीन फौजांबद्दल अजिबात नाही. समोरच्या बाजूला नुसते लाल डगलेवाले दाखवणं ही या प्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे. सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीबरोबर म्हैसूरचे घोडेस्वार होते आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वारही होते. निजामाची फौज दुसरा इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनकडे. इंग्रजांचा आश्रय घेणाऱ्या वसईच्या तहानंतर (१८०२) पेशवे कथेत येतात ते इंग्रजांच्या गोटातून. हे टाळलं तर युद्धाचं दुखणंच कथेतून निघून जातं.

प्रतिसाद २:
मुळात खऱ्या इतिहासापासून कथेचा फाटा कुठे फुटतो ते आधी ठरवा, फौजांची यादी त्यावरून ठरेल. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. अकरा महिन्यांनी तीच माणसं असईला खांद्याला खांदा लावून लढतील, हे वाचकाने का मानावं? फाटा १८०१ मध्ये घ्या. पुण्यात यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिलं गेलं नाही, असं धरा. मग समेटाला जागा उरते.

शिंद्यांचे कंपूही (युरोपी धर्तीच्या कवायती पलटणी) जसेच्या तसे घेऊ नका. युद्ध सुरू होताच कंपनीच्या आवाहनावरून त्यांचे इंग्रज अधिकारी सोडून गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा फ्रेंच सेनापती पेराँही कंपनीच्या आश्रयाला गेला. तोफा चांगल्या, गोलंदाज जिवावर उदार, पण पलटणी हलवणारा मधला अधिकारीच नाही. होळकरांची भर पडून हे भोक बुजत नाही.

धागाकर्ता:
१८०१ चा मुद्दा पटला. पण तेवढं मागे गेलं तर वसईचा तहच होणार नाही, मग युद्ध कशावरून पेटवायचं?

प्रतिसाद ३:
होळकरांना असईला आणायचंच कशाला? त्यांना माळव्यातून आग्र्याकडे काढा. उत्तरेत इंग्रज सेनापती लेकने ४ सप्टेंबरला अलीगढ घेतलं, ११ ला दिल्लीची लढाई जिंकली. त्याच वेळी पिछाडीला होळकरांचे स्वार रसद तोडत असतील तर लेकला थांबावंच लागेल. १८०४ मध्ये होळकरांपुढे इंग्रज अधिकारी मॉन्सनची माघार याच प्रकारे झाली: भर पावसाळा, फुगलेल्या नद्या, चिखलात सोडून द्याव्या लागलेल्या तोफा.

आणि भरतपूरचे जाट हवेतच. त्यांनी लेकशी तह केला तो २९ सप्टेंबर १८०३ ला, दिल्ली पडल्यावर. लेक आधीच अडला तर तो तह लांबतो. १८०५ मध्ये त्यांच्या मातीच्या तटावर लेकचे चारही हल्ले फसले. शीख मात्र वगळा. रणजितसिंहांनी १८०५ मध्ये अमृतसरला आलेल्या होळकरांनाही साथ दिली नाही.

प्रतिसाद १:
जाट चालतील, पण काठावर बसलेले. दोन्हीकडचे वकील जाटांच्या डीगच्या दरबारात एकाच दिवशी आलेत, कथा तिथून सुरू करा.