मायस्थेनिया असलेल्या आईचं ऑपरेशन: भूल देणाऱ्यांना काय काय सांगावं? (पुणे)

दुपारचा_चहा:
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, मुक्काम सिंहगड रोड. दीड वर्षापूर्वी मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकतात तो आजार) निघाला. सकाळी ठणठणीत असते, संध्याकाळच्या बातम्या लागेपर्यंत डावी पापणी खाली. मग ती बोटानं उचलून धरून बघते. त्यावर पिरिडोस्टिग्मीनची गोळी चालू आहे. गेल्या जुलैत लघवीच्या इन्फेक्शनसाठी एका डॉक्टरांनी लेव्होफ्लॉक्सासिन दिलं. आजाराचं नाव आम्ही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वरणभात घशाखाली उतरेना, पाणी नाकातून आलं. चार दिवस आयसीयू.
आता पुढच्या महिन्यात पित्ताशय काढायचंय, खडे झालेत. भूल देणाऱ्यांना काय सांगू? आणि आईच्या शरीरात नेमकं अडतंय कुठे, हे कुणी साध्या मराठीत सांगेल का? गुगलनं नुसतं घाबरवलंय.

पेठकर:
ते स्वतःच सगळं विचारतात हो. उगाच टेन्शन.

गुंगी:
पेठकर, विचारतात, पण घरचे 'बाकी काही नाही' म्हणून मोकळे होतात. मी पंचवीस वर्षं भूलच देते आहे.

मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. टोकाशी संदेश पोचला की आत कॅल्शियम शिरतं, ॲसिटिलकोलीनच्या पुड्या फुटतात, ते रसायन फट ओलांडून स्नायूवरच्या रिसेप्टरवर (म्हणजे ते पकडणाऱ्या जागेवर) बसतं आणि स्नायू आखडतो. लगेच एक एन्झाइम त्याचा चुरा करतं. आईंच्या अँटीबॉडीजनी रिसेप्टर घटवलेत. गोळीनं ते वाढत नाहीत. ती फक्त चुरा करणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे आहे ते रसायन फटीत जास्त वेळ टिकतं.

लेव्होफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, ही सगळी इथला निरोप थोडा मंद करतात. आपल्याकडे रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त असतात, म्हणून खपून जातं. आईंकडे ती शिल्लकच नाही.

आता ऑपरेशन. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोट सैल लागतं. त्यासाठीची रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधं रिसेप्टरवर नुसती ठिय्या देऊन बसतात, स्वतः काही करत नाहीत. आईंना नेहमीचा डोस फार होईल. सक्सिनिलकोलीनचं उलटं: ते रिसेप्टर चालू करून काम करतं, त्यामुळे इथे ते कमी चालतं.

त्यांना एवढं नक्की विचारा: अंगठ्याचा मॉनिटर आहे का? मनगटापाशी दोन सेकंदांत चार झटके देतात आणि अंगठा चारही वेळा सारखाच उडतो का पाहतात. चौथा फिका पडला तर औषध अजून उतरलेलं नाही. हे यंत्र नसेल तिथे हे ऑपरेशन करू नये, असं माझं स्पष्ट मत. सुगामाडेक्स आहे का तेही विचारा. ते रोक्युरोनियमचा रेणू पकडून बाजूला काढतं. आणि नंतर गरज पडली तर व्हेंटिलेटर त्याच इमारतीत हवा. त्या सकाळची गोळी घ्यायची की नाही हे मनानं ठरवू नका.

मुळशीकर:
अवांतर, पण राहवत नाही. आम्ही गावात साप पकडतो. नाग चावला तरी पापणी पडते, मण्यार चावली तरी पडते. नागाचं विष रिसेप्टरवर बसतं, म्हणून दवाखान्यात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीन (आईंच्या गोळीसारखंच, रसायन फटीत टिकवणारं) आणि ॲट्रोपिन देऊन पाहतात. बऱ्याचदा पापणी उचलली जाते. मण्यारीचं विष मुख्यतः मज्जातंतूचं टोकच खराब करतं. पुड्याच सुटल्या नाहीत तर फटीत टिकवणार काय? ते टोक नव्यानं उभं राहीपर्यंत माणूस कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर. आणि मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सकाळी 'पोट दुखतंय' म्हणून उठतात. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी खोचून घ्या, एवढंच.

पेठकर:
मग सुरकुत्यांसाठी बोटॉक्स घेतात ते?

गुंगी:
तेही टोकाशीच. पुडी फुटायला जे प्रथिन लागतं तेच ते कापतं. आईंना ते देऊ नये, सौंदर्यासाठी तर नाहीच!
आणि मुळशीकरांनी निओस्टिग्मीनचा विषय काढलाच आहे तर सांगते. दक्षिण अमेरिकेत बाणांना क्युरारे लावत, तेही रिसेप्टरवर ठिय्या देणारं. १९३४ साली ग्रीनिचच्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मायस्थेनियाचा रुग्ण क्युरारेची बाधा झाल्यासारखा दिसतो. त्यांनी क्युरारेचा उतारा, फायसोस्टिग्मीन, टोचून पाहिलं आणि पापणी वर आली. आईंची गोळी त्याच घराण्यातली.

दुपारचा_चहा:
गुंगीताई, खूप आभार. एक कबुली: लग्नाला जायचं असलं की आई एक गोळी जादा घेते. चालतं का?

गुंगी:
नाही! फवारणीच्या औषधांची विषबाधा होते ना, ती तोच एन्झाइम बंद पडल्यामुळे. तोंडाला लाळ, पोटात कळा, जुलाब, स्नायू फडफडतात आणि मग रसायन साचून साचून तेच स्नायू ढिले पडतात. गोळी जास्त झाली तर चित्र हेच, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला, म्हणून अजून एक देतात. लग्नाला जायचं असेल तर वेळ बदलून घेता येईल का हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. जेवणाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर चावायला जोर राहतो.

दुपारचा_चहा:
विचारतो. आज अप्पा बळवंत चौकातून कार्ड लॅमिनेट करून आणलं: आजाराचं नाव, चालू औषधं, टाळायची औषधं, माझा फोन. एक तिच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर. भूलतज्ज्ञांची भेट गुरुवारी आहे, अंगठ्याच्या मॉनिटरचं पहिलं विचारणार. आईची तक्रार एवढीच की कार्डावर वय कशाला घातलंस.